पाच मिनिटं, सल्ला न देता

चोपड्याच्या कॉलेजात, समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला,
चुडामण सरांनी बाकं भिंतीला लावली
आणि प्लास्टिकच्या खुर्च्या तीन-तीन करून मांडल्या.
एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं,
तिसऱ्याने नुसतं बघायचं नि तक्त्यात खुणा करायच्या:
किती वेळा मान हलवली, किती वेळा मध्येच तोडलं,
घड्याळाकडे कोणी कधी पाहिलं.
"सल्ला द्यायचा नाही," सर म्हणाले,
"तोंडात आला तर गिळा."

मी गिळणारी नव्हे.
आमच्या गल्लीत सल्ला म्हणजे भरताचं वांगं,
शेजारणीची चूल पेटलेली दिसली
की आपलंही एक खुपसून यायचं.

समोर खुशाल बारेला,
सातपुड्याच्या पोटातल्या पाड्यावरचा.
म्हणाला, वर्गात प्रश्न विचारला की
आधी मी तो माझ्या बोलीत नेतो,
तिथे उत्तर सापडतं,
ते उचलून मराठीत आणेपर्यंत
प्रश्न पुढच्या बाकावर गेलेला असतो.

माझ्याकडे तयार होतं सगळं:
रोज पेपर मोठ्याने वाच, आरशासमोर उभा राहा.
"अरे, तू असं कर," एवढं म्हणाले
आणि रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला
असा लांबलचक हॉर्न देत
की माझं उरलेलं वाक्य त्याच्यात बसून
यावलच्या दिशेने निघून गेलं.

खुशालला वाटलं, मी थांबलेय.

तो खुर्चीची कड नखाने खरवडत राहिला.
मग म्हणाला, तसं ते वर्गाचं काही नाही.
माघात आईला सरकारी दवाखान्यात आणलं होतं.
डॉक्टर विचारायचे, मी आईला सांगायचो,
आई बोलायची, मी डॉक्टरांना.
कधीपासून दुखतं, जेवण जातं का, झोप लागते का.
मध्येच आई एक बोलली,
ते मी पलीकडे पोचवलंच नाही.
रांग मोठी होती.
आणि ते दुखण्यात बसत नव्हतं.

फळ्यावर सरांनी प्रश्न लिहून दिलेले:
तुला काय वाटतं? आणखी काही? पुढचं पाऊल कोणतं?
मी फळ्याकडे बघितलं. मुमताजने तशी खूण केली.
मग मी विचारलं, काय बोलली होती?
"भीती वाटते. एवढंच."
आणि तुमच्या बोलीत? कशी बोलली?

त्याने सांगितलं.
छोटंसं होतं. मला ते इथे लिहिता येणार नाही,
येत असतं तरी लिहिलं नसतं.
तीन खुर्च्यांच्या मधे ते थोडा वेळ बसलं,
चौथं माणूस आल्यासारखं.

मुमताज तडवीने तक्त्यावर पेन टेकवला, उचलला.
"याला रकाना नाही," ती पुटपुटली.

सरांनी स्टीलच्या ग्लासवर चमचा वाजवला.

मला दहापैकी सहा मिळाले.
मान फार हलवते, असा शेरा, आणि एकदा अर्धा सल्ला.
मग जागा बदलल्या.
मी हॉस्टेलच्या पाण्यावर बोलू लागले, तावातावाने,
आणि खुशालने काहीच न विचारता असं बघितलं
की टाकी राहिली बाजूला, माझाच आवाज बसला.
ऐकून घेणं एकवेळ जमेल.
आपलं ऐकलं जातंय म्हटलं की
कानाच्या पाळ्या तापतात.

रात्री धरणगावहून अण्णांचा फोन. नेहमीचाच:
"जेवनी का?"
रोज मी "हाव" म्हणते आणि ठेवते.
आज म्हटलं, "हाव. तुमी काय करी ऱ्हायनात?"
"काही नही."
मग पलीकडून कूलरची घरघर येत राहिली,
खाटेचं करकरणं, अण्णांचं खाकरणं.
जीभ वळवळली: गोळी घेतली का, अंगणात झोपा ना.
इथे ट्रक येणार नव्हता.
मी गिळलं.
बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले,
"मंग आयक..."